पाचट शेतकऱ्याचं, मग कारखान्याच्या काट्यावर त्याची कपात कशी?

पाचट जाळणारा शेतकरी अडाणी असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा फेब्रुवारीत ऊस तुटून गेलेल्या रानात जाऊन उभं राहावं. कराड, कोरेगाव, फलटण, पलूस, वाळवा, मिरज, जिथं जवळ पडेल तिथं. गुडघ्याएवढं पाचट पडलेलं असतं. त्याखाली सरी दिसत नाही, बुडखा दिसत नाही, ठिबकची नळी कुठून गेलीय ते कळत नाही. टोळी पुढच्या फडाला गेलेली असते. हिरवे वाढे त्याच दिवशी विकून झालेले असतात. घरात राबणारी माणसं दोन, त्यातलं एक साठीच्या पुढचं. शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची. आणि बांधावरच्या खांबाला फलक: पाचट जाळू नका, जमिनीची सुपीकता वाढवा. फलक चांगला आहे, मजकूरही खरा आहे, खाली साहेबांचा फोटोसुद्धा आहे. पण ते पाचट उचलून सरीत दाबायचं कुणी, आणि त्या मजुरीचे पैसे द्यायचे कुणी, एवढंच त्यावर लिहायचं राहिलंय.

मी जाळण्याची वकिली करत नाही, हे आधीच सांगून टाकतो. जाळणं चूकच आहे, आणि चूक केवढी आहे ते आकड्यातच बघू. ऊस तुटल्यावर हेक्टरी ८ ते १० टन पाचट रानात राहतं. एकरात बोलायचं तर ३ ते ४ टन. त्यात नत्र साधारण अर्धा टक्का, स्फुरद त्याहून कमी, पालाश एक टक्क्याच्या आसपास, आणि सेंद्रिय कर्ब ३२ टक्क्यांच्या वर. हिशोब मांडला तर एकराच्या पाचटात युरियाच्या जवळजवळ एका गोणीएवढं नत्र असतं आणि पोटॅशच्या एका गोणीएवढं पालाश. काडी लावली की नत्र धुरातून जातं, कर्ब तर सगळाच जातो. पालाश थोडंफार राखेत उरतं, पण ती राख पहिल्या वाऱ्याला शेजाऱ्याच्या रानात आणि पहिल्या पाण्याला ओढ्यात. वरच्या थरातले जिवाणू भाजून निघतात ते वेगळंच.

नत्राबद्दल एक गोष्ट फलकावर कधी नसते, ती सांगायला हवी. पाचट कुजवलं म्हणजे पहिल्याच वर्षी युरियाची गोणी वाचली असं होत नाही. उलट कुजवायला आधी वरून युरिया टाकावा लागतो, कारण पाचट खाणारे जिवाणू जमिनीतलं नत्र तात्पुरतं उसनं घेतात. ही उसनवारी न सांगता ‘पाचट म्हणजे फुकटचं खत’ असा प्रचार केला, तर पहिल्या वर्षी खोडवा पिवळा दिसतो आणि शेतकरी पुन्हा काडीपेटी शोधतो. खरी कमाई कर्बाची आणि ओलाव्याची आहे, ती दोन-तीन वर्षांनी ढेकूळ हातात घेतल्यावर कळते.

आपल्या दोन जिल्ह्यांत ही कमाई सोडून देणं जास्तच महागात पडतं. कृष्णाकाठची वाळवा, पलूस, मिरज भागातली रानं पाणी आणि रासायनिक खत पिऊन पिऊन क्षारपड झालीत. तिथं जमीन पोकळ करणारी, पाण्याचा निचरा सुधारणारी एकच फुकटची वस्तू आहे, ती आपण पेटवतो. दुसरीकडं खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ. टेंभूचं पाणी कराड तालुक्यातून टप्प्याटप्प्यानं पंपानं उचलून तिकडं जातं. वीज जळते, बिलाची भांडणं होतात, आवर्तनासाठी मोर्चे निघतात. आणि ते पाणी पोहोचतं कुठं, तर पाचट जाळून उघड्या केलेल्या काळ्या रानात. एप्रिलच्या उन्हात त्यातलं बरंचसं आभाळात. आच्छादन असतं तर त्याच पाण्यावर रान आणखी काही दिवस ओल धरून राहिलं असतं.

हे सगळं शेतकऱ्याला माहीत नसतं असं समजू नका. कृषी विभाग खोडवा पाचट अभियान घेतो. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र तर आपल्या फलटण तालुक्यातलंच, १९३२ पासूनचं. त्यांची शिफारस गावातल्या निम्म्या लोकांना तोंडपाठ आहे: पाचट सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा, त्यावर बुरशीनाशक मारा, एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका, मग पाणी द्या. पुढची खतं पहारीनं भोक पाडून बुडख्याजवळ द्या, निम्मी तुटल्यापासून पंधरवड्यात, निम्मी साडेचार महिन्यांनी.

शिफारस चोख आहे. आता ती करून बघू. चार फुटी सरी असेल तर एकरात सरीची लांबी होते जवळपास १०,९०० फूट. फुटाला एक भोक धरलं तर एकरात दहा-अकरा हजार वेळा पहार मारायची. आणि ती दोनदा. पहारीमागं खत टाकत चालणारं दुसरं माणूस, बहुतेक वेळा घरातली बाई, कंबरेत वाकलेली. कागदावर हे एका ओळीत मावतं. कराडजवळच्या एका गावात एक आबा मला म्हणाले ते असं: “साहेब, पाचट कुजतं ओ, न्हाई म्हणत न्हाई. पर पाचट कुजस्तवर माणूस कुजतंय त्याचं काय?” आबांनी काडी लावली होती, लपवत नव्हते. जाळल्यावर त्याच दिवशी रान मोकळं, दुसऱ्या दिवशी पाणी सरळ सरीनं पळतं, आठवड्यात बैल किंवा पॉवर टिलर फिरतो. काडीपेटी दोन रुपयाची.

ज्याच्याकडं ठिबक आहे, पाच फुटी सरी आहे, विद्राव्य खत नळीतून सोडायची सोय आहे, तो आता बहुतेक ठिकाणी जाळत नाही. जाळतो तो पाटपाण्यावरचा, दीड-दोन एकरवाला. म्हणजे हा प्रश्न जितका अकलेचा आहे त्याहून जास्त पैशाचा आहे. पण आपण त्याचा प्रबोधनाचा कार्यक्रम केला, कारण प्रबोधनाला खर्च कमी येतो.

आणि आता मूळ मुद्दा. पाचट शेतकऱ्याच्या रानात पडलेलं असतं, पण ते पाडतो कोण, कधी, कसं, यातलं काहीही शेतकऱ्याच्या हातात नाही. ऊस कधी तुटणार ते कारखान्याचा तोडणी कार्यक्रम ठरवतो. टोळी कारखान्याची, करार मुकादमाशी, उचल दिलेली. तोडणी-वाहतुकीचा खर्च मात्र शेतकऱ्याच्या एफआरपीतून वजा. म्हणजे माणसं त्यांची, वेळ त्यांची, पैसे आमचे, आणि मागं राहिलेला कचरा पण आमचाच.

तोडणाऱ्याला मजुरी मिळते टनावर. जानेवारी २०२४ मध्ये संप आणि वाटाघाटींनंतर तोडणी दरात ३४ टक्के वाढ झाली, चांगलं झालं, त्याआधीचा दर लाजिरवाणाच होता. पण दर वाढला तरी मोजमाप तेच राहिलं. काट्यावर जे वजन भरेल त्याचे पैसे. उसाचा पाला सोलायचा, तो सरीत नीट टाकायचा, बुडखा जमिनीलगत छाटायचा, या कामाचे शून्य. बीडहून लेकराबाळांसह आलेल्या जोडप्यानं दिवसाकाठी टनेज भरायचं की तुमच्या खोडव्याची काळजी घ्यायची? ते वरनं तोडतात, पाला टाकतील तिथं टाकतात आणि पुढं सरकतात. त्यांना मी दोष देणार नाही. फुकट काम कुणी करत नसतं.

याच हिशोबातून उभा फड पेटतो. हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही, म्हणून लिहितो. पेटवलेल्या उसाचा पाला सोलावा लागत नाही, तोड झपाट्यानं होते. शिवाय जळालेला ऊस ठेवून चालत नाही, दिवसागणिक वजन आणि उतारा घसरतो, म्हणून त्याला कारखान्याकडून तोड लवकर मिळते. आता ज्याची पाळी लांबलीय, ज्याच्या उसाला तुरे आलेत, गव्हाचं किंवा भुईमुगाचं रान अडकलंय, त्यानं काय करावं? जळिताची कपात सोसून आधी ऊस घालवणं त्याला परवडतं. शॉर्टसर्किटनं खरोखर फड जळालेले शेतकरीही असतात, त्यांची भरपाईची लढाई वेगळी आणि खरी आहे. पण हंगामाच्या शेवटी एकाएकी सगळ्या तारा एकमेकींना घासायला लागतात, हे जरा जास्तच होतं.

त्यात खुशाली. ऊस तोडायला म्हणून टोळीला वरकड पैसे, ट्रॅक्टरवाल्याला एन्ट्री. जो देईल त्याचा फड आधी, जो देत नाही त्याच्या रानाच्या कडेला ट्रॉली उभी राहत नाही. तक्रार केली तर पुढच्या वर्षी पाळी आणखी लांब. १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये अशी शिफारस आहे, आणि इथं कितीतरी फड मार्चमध्ये उभे असतात. तारीख उलटून गेलेल्या रानात आधीच नुकसान झालेलं, वर तीन टन पाचट. त्या माणसाला तुम्ही जिवाणू संवर्धकाची पुडी दाखवता.

आता कपातीकडं येतो. यंत्रानं तोडलेला ऊस गव्हाणीकडं जातो तेव्हा त्यात पाला-पाचोळा येतो म्हणून वजनातून काही टक्के वजा होतात. शेतकरी संघटना या कपातीवरून अनेकदा भांडल्यात. कपात किती असावी हा वाद बाजूला ठेवू. पण याचा अर्थ काय होतो बघा. पाचट काट्यावर आलं की कारखान्याला ते दिसतं, टक्केवारीत मोजता येतं, पैशात वजा करता येतं. तेच पाचट रानात राहिलं की कारखान्याची आणि त्याची ओळखच नाही. उसाच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा पाचट धरला, तर दहा लाख टन गाळप करणारा कारखाना आपल्या कार्यक्षेत्रात लाखभर टन पाचट मागं सोडून जातो. साखर, मळी, बगॅस, इथेनॉल, वीज, सगळ्याचा हिशोब अहवालात असतो. या लाखभर टनाची एक ओळही नसते.

कुणी म्हणेल, मग बंदी घाला, दंड करा. दिल्लीच्या धुरासाठी पंजाब-हरियाणात तेच केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये दंड दुप्पट करून पाच एकरांवरच्या शेतकऱ्याला ३०,००० रुपयांपर्यंत नेला. आपल्याकडं दिल्ली नाही, आपल्या धुराचा खोकला साकुर्डी किंवा सावळजमध्ये होतो, त्यामुळं दंडही नाही आणि मदतही नाही. दंड मला नकोच आहे. टोळीनं काडी लावायची आणि तलाठ्यानं सातबारावाल्याचा पंचनामा करायचा, हे आपल्याकडं हमखास होईल.

बाहेर हे जमलंय का? जमलंय, पण कसं जमलं ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत ओरेगन राज्यात विलामेट खोरं आहे, तिथं शेतकरी गवताचं बी पिकवतात, हिरवळीसाठी आणि कुरणासाठी लागतं ते. बियांची मळणी झाली की पेंढा आणि धसकटं पेटवून द्यायची ही तिथली जुनी रीत. कारणं आपल्यासारखीच: रोग जातो, रान साफ होतं, स्वस्त पडतं. ३ ऑगस्ट १९८८ ला असाच धूर महामार्गावर आला, गाड्या एकमेकींवर आदळल्या, सात माणसं मेली. १९९१ मध्ये कायद्यानं जाळण्याचं क्षेत्र कमी केलं, २००९ मध्ये थोडे अपवाद सोडून जवळपास बंद. पण नुसत्या कायद्यानं नाही. पेंढ्याच्या गाठी बांधणारे, त्या दाबून जहाजात भरणारे, जपान-कोरियाच्या गोठ्यांपर्यंत पोचवणारे असा अख्खा धंदा तिथं उभा राहिला होता. जाळायचं नाही तर घालायचं कुठं, याला उत्तर होतं. आपलं वाळकं पाचट जनावर तेवढ्या आवडीनं खात नाही, आपल्याकडं चारा म्हणजे हिरवे वाढे, त्यामुळं त्यांचं उत्तर जसंच्या तसं इथं लागू नाही. ऊसही गवताच्याच कुळातला असला तरी.

ब्राझीलचं उदाहरण आपल्या जास्त जवळचं, कारण तिथं पीकच ऊस. साओ पाउलो राज्यानं २००२ मध्ये ऊस जाळणं टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा कायदा केला. मुदत लांबची होती, ती २००७ च्या करारानं कारखान्यांनी स्वतःवर घेऊन अलीकडं आणली. म्हणजे जबाबदारी गाळप करणाऱ्यानं उचलली. त्याची दुसरी बाजूही आहे: यंत्रं आली आणि हातानं तोडणाऱ्या हजारो मजुरांचं काम गेलं. इथं हार्वेस्टरच्या अनुदानाच्या बातम्या वाचताना टाळ्या वाजवणाऱ्यांनी बीड-पाथर्डीच्या त्या जोडप्याचं काय होणार, हाही प्रश्न विचारावा. यंत्रानं पाचटाचे तुकडे होऊन ते रानभर सारखं पसरतं, कुजायला सोपं जातं, हे खरं. पण दहा गुंठ्यांच्या तुकड्यात, तीन फुटी सरीत ते यंत्र वळतच नाही. आपल्या निम्म्या रानांची गत ती आहे.

मग करायचं काय? ट्रॅक्टरमागं चालणारं पाचट कुट्टीचं यंत्र आहे, ते कुणी शोधून काढायची गरज नाही. ते एका शेतकऱ्यानं घ्यायचं नाही, परवडत नाही आणि वर्षातून दोन दिवस चालतं. ते टोळीच्या मागोमाग फिरायला हवं, कारखान्याच्या गट कार्यालयाकडून, जसा ट्रॅक्टर-ट्रॉलीचा कार्यक्रम लागतो तसा. फड तुटला, चौथ्या दिवशी कुट्टी. बुडखा जमिनीलगत तोडला तर टोळीला टनामागं थोडे जास्तीचे पैसे, आणि ते उघडपणे, पावतीवर, खुशाली म्हणून नाही. बुडखा खालून तोडला तर कारखान्याला वजन आणि उतारा दोन्ही मिळतात, शेतकऱ्याला फुटवा जोमदार मिळतो, हे कारखान्याचे शेती अधिकारीच मेळाव्यात सांगत असतात. फायदा दोघांचा, तर खर्च एकट्यानं का सोसायचा?

कारखाने तोट्यात आहेत, एफआरपी द्यायलाच पैसे नाहीत, असं उत्तर येईल. ऊस नियंत्रण आदेशानुसार एफआरपी चौदा दिवसांत द्यायची असते, किती कारखान्यांनी दिली ते सगळे जाणतात, त्यामुळं तोट्याचं रडगाणं काही खोटंच असतं असं मी म्हणत नाही. पण तोट्यातल्या कारखान्यालाही पुढच्या वर्षी ऊस लागतोच. खोडवा मेला तर गव्हाणीत काय टाकणार?

आणखी एक नवी टूम आहे. पाचटाच्या गाठी बांधून बायोगॅस प्रकल्पाला किंवा बॉयलरला विकायच्या. ऐकायला बरं वाटतं, जाळण्यापेक्षा बरंही आहे. पण ज्या जमिनीत कर्ब उरलेला नाही, तिथलं सगळं पाचट दरवर्षी उचलून न्यायचं आणि शेतकऱ्याला गाठीमागं चार पैसे द्यायचे, हा धूर न दिसणारा जाळच झाला. लागणीचं रान मोडताना थोडं न्या. खोडव्यातलं ठेवा.

आणि माणसं. दर उन्हाळ्यात एखाद-दुसरी बातमी येतेच, बांध किंवा पाचट पेटवताना वारा फिरला, म्हातारा शेतकरी धुरात कोंडला, सापडला तो संध्याकाळी. दोन कॉलम, आतल्या पानावर, जिल्हा पुरवणीत. त्या बातमीखाली ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ असं लिहिलेलं असतं.

सप्टेंबरच्या अखेरपर्यंत सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा होतील. प्रश्न लेखी द्यावे लागतात आणि मुदतीत द्यावे लागतात, ऐनवेळी माईक बंद पडतो हे आपण पाहिलंय. तेव्हा आतापासून लिहून ठेवा. या हंगामात जळीत ऊस किती टन आला आणि त्यातला शॉर्टसर्किटचा पंचनामा झालेला किती? जळितापोटी कपात केलेली रक्कम किती, ती कुठल्या खात्यात जमा आहे? पाला-पाचोळ्यापोटी वजा केलेल्या टनांचे पैसे किती होतात, आणि त्यातून गटनिहाय किती कुट्टी यंत्रं घेता येतील? खासगी कारखान्याला ऊस घालणाऱ्यांना सभा नाही, माईकही नाही. त्यांनी उसाची नोंद देताना चिटबॉयलाच विचारावं, सही करायच्या आधी.